तीन फुटांची बचत

गणितात चूक नव्हती. प्रेमिला हे पुढे कितीतरी वर्षं सांगत राहिली, आणि बहुतेक वेळा कोणी विचारलेलं नसताना.

साल १९७८. सीताबर्डीवर बाबारावांचं दुकान होतं. खाली पडदे, गाद्या, उशा आणि माडीवर कार्पेट. प्रेमिला तिथे लागली तेव्हा तिच्याकडे भौतिकशास्त्राची एम.एस्सी. होती आणि निरनिराळ्या कॉलेजांची सात नकारपत्रं. बाबारावांनी तिला पडद्यांच्या काउंटरवर बसवलं. पितळी कड्या डझनावारी मोजून द्यायच्या, एवढंच काम. "कड्या मोजाले एम.एस्सी. लागत नाही," ते म्हणाले होते, "पण असली तर काही बिघडत नाही." आठ महिने तिनं कड्या मोजल्या. एकही कमी-जास्त गेली नाही, आणि हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मग एकदा कोणाच्या तरी गोल बैठकीचं माप कारागिरांनी चौकोनी धरलेलं तिला दिसलं. मान वर न करता तिनं ते पेन्सिलीनं दुरुस्त करून दिलं. बाबारावांनी तो कागद दोनदा पाहिला आणि तिच्या हातात पोलादी टेप ठेवला. सिव्हिल लाइन्समध्ये एका बँकेची नवी इमारत उठत होती. तिच्या सभागृहात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कार्पेट घालायचं काम दुकानाला मिळालं होतं. माप, आराखडा, मागणी, सगळं तिनं करायचं.

"जमलं तर यापुढे मापाचं काम तुझं," बाबाराव म्हणाले. "नाही जमलं तर कड्या आहेतच."

त्या दिवसापासून प्रेमिलाला कड्यांची स्वप्नं पडू लागली. आवाजासकट.

सभागृहात एक गंमत होती. जमिनीचा तुकडाच वाकडा, म्हणून मागची भिंत तिरपी बांधलेली. एका बाजूला लांबी अडतीस फूट, दुसऱ्या बाजूला चव्वेचाळीस. रुंदी चोवीस. कार्पेटचा पन्हा सहा फुटांचा, म्हणजे चार पट्टे शेजारी-शेजारी घालून शिवायचे. प्रत्येक पट्ट्याचं मागचं टोक तिरपं कापावं लागणार आणि दरवेळी एक त्रिकोणी तुकडा वाया जाणार. सरळ हिशेबानं एकशे सदुसष्ट फूट कार्पेट लागत होतं.

सरळ हिशेब कोणीही केला असता. प्रेमिलानं आलेख-कागदावर तीन संध्याकाळी घालवल्या. चौथ्या संध्याकाळी तिला दिसलं की पहिला पट्टा तिरपा कापला की उरलेल्या गुंडाळीचं टोकही तेवढंच तिरपं होतं. दुसरा पट्टा तिथूनच मोजायचा आणि घालताना अर्धा फेरा फिरवायचा, म्हणजे डोक्याच्या जागी पाय आणि पायांच्या जागी डोकं. ते तिरपं टोक तिरप्या भिंतीला तंतोतंत बसतं. तिसऱ्या-चौथ्याचंही तसंच. वाया काहीच जात नाही. एकशे चौसष्ट. तीन फूट वाचले.

तो कागद तिनं वडिलांना दाखवला. आनंदराव पोस्टातून निवृत्त झालेले. छप्पन साली दीक्षा घेऊन घरी आले, ते देव्हाऱ्यातलं सगळं एका पिशवीत भरून बाहेर पडले आणि रिकामी पिशवी घेऊन परतले. त्या दिवसापासून घराचा एकच नियम होता: कोणी सांगितलं म्हणून काही मानायचं नाही, तपासून पाहायचं. त्यांनी चष्मा लावून तो कागद पाहिला, मग कागद फिरवून पाहिला.

"लय झ्याक," ते म्हणाले. प्रेमिलाच्या एम.एस्सी.च्या निकालाला ते नुसतं "बरं" म्हणाले होते.

तिनं एकशे पासष्ट फुटांची मागणी पाठवली. एक फूट हात राखून.

पंधरा दिवसांनी वाडीच्या गोदामातून बाटलीहिरव्या रंगाची गुंडाळी बँकेत आली आणि तिच्यामागून जागेश्वर आला. जागेश्वर उमरेडचा. बापजाद्यांपासून हातमाग, त्यानं स्वतःही तीस वर्षं लुगडी विणली होती. माग बसला तेव्हा तो आणि त्याचा धाकटा भाऊ बळीराम सकाळच्या एस.टी.नं नागपूरला येऊन कार्पेट घालू लागले. बळीराम खिळे ठोकायचा आणि बोलायचा. जागेश्वर कापायचा, शिवायचा आणि गप्प असायचा.

गुंडाळी सोडण्याआधी जागेश्वरनं चपला काढल्या, उदबत्ती लावली आणि कागदाच्या पुडीतून चिमूटभर कुंकू काढून गुंडाळीच्या टोकाला, खालच्या बाजूनं, बोट लावलं. प्रेमिला खिडकीकडे पाहत उभी राहिली. खिडकीत पाहण्यासारखं काही नव्हतं. रंगाऱ्यांनी साऱ्या काचांवर वर्तमानपत्रं चिकटवली होती.

"बाई," जागेश्वर म्हणाला, "हे थानाचं तोंड. पट्ट्याइचं तोंड उगवतीले ठेवा लागते. सगळ्याइचं."

"काकाजी, माझ्या कागदाप्रमाणे दुसरा आणि चौथा उलटा येतो."

"म्हणूनच इचारतो जी. उलटा चालत नाही. मागावर बी आमी..."

"कार्पेटला पूर्व-पश्चिम कळते का हो?" प्रेमिला हसली. तिला हे वाक्य फार चांगलं जमलं असं वाटलं. आवाजात आदर होता, मुद्दा होता, थोडा विनोदही होता. वादविवाद स्पर्धेत याला गुण मिळाले असते.

जागेश्वरनं तिच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. मग तो कागद घडी घालून बंडीच्या खिशात ठेवला.

"बरं," तो म्हणाला.

दोन दिवस काम चाललं. खाली नमदा, वर कार्पेट, कडेनं खिळे, मधल्या सांध्यांना वाकड्या सुईची शिवण. प्रत्येक पट्टा कापला की जागेश्वर त्याच्या खाली एका टोकाला कुंकवाचं बोट लावी. पहिल्या आणि तिसऱ्या पट्ट्याचं कुंकू पूर्वेच्या सरळ भिंतीला गेलं, दुसऱ्या-चौथ्याचं पश्चिमेच्या तिरप्या भिंतीला. प्रेमिलानं हे पाहिलं आणि तिला ते गोड वाटलं. घरी जाऊन तिनं वडिलांना सांगितलंही, आणि दोघं हसले. तिरप्या भिंतीला पट्टे असे बसले की मधे पोस्टकार्डही गेलं नसतं. तिनं पोस्टकार्ड घालून पाहिलं होतं. तपासून पाहिलेली ती एवढी एकच गोष्ट.

शनिवारी सकाळी दहा वाजता बँकेचे अधिकारी गोपाळराव पाहणीला आले. सोमवारी अकराला उद्घाटन, मुंबईहून चेअरमन येणार. बाबाराव इस्त्रीचा सदरा घालून हजर होते. रंगाऱ्यांनी काचांवरची वर्तमानपत्रं ओढून काढली आणि सभागृहात ऊन आलं.

कार्पेटचे चार पट्टे चार दिसत होते. गडद, फिका, गडद, फिका.

"पट्टे?" गोपाळराव म्हणाले. "मी साधं मागितलं होतं."

"रंग एकच आहे," प्रेमिला म्हणाली. काय झालंय हे तिला एका क्षणात कळलं होतं, आणि कळल्याबरोबर तिचं तोंड आपोआप वर्गात शिकवल्यासारखं सुरू झालं. "कार्पेटच्या लवेला कल असतो, सर. कल आपल्याकडे असला की प्रकाश कमी परततो, पलीकडे असला की जास्त. तुम्ही त्या टोकाला जाऊन उभे राहिलात तर बरोबर उलटं दिसेल."

गोपाळराव खरोखरच त्या टोकाला गेले.

"हो की!" ते तिथून ओरडले. "इकडून फिक्याचं गडद झालं." मग ते परत आले. "फार छान. पण चेअरमनसाहेब एका जागी बसणार ना?"

बाबारावांचा चेहरा सदऱ्यापेक्षा पांढरा झाला होता. ते वळले ते जागेश्वरवर.

"काहून गा जागेश्वर, डोळे फुटले होते काय तुये? दोन पट्टे उलटे घालून राहिला अन् तुले समजलं नाही?"

जागेश्वरच्या बंडीच्या खिशातून आलेख-कागदाचा कोपरा बाहेर दिसत होता. हिरव्या रेघा प्रेमिलाला दारापासून ओळखू येत होत्या. त्यानं खिशाकडे हातही नेला नाही.

प्रेमिला गप्प राहिली. किती वेळ, हे तिनं नंतर पुष्कळदा मोजून पाहिलं. तीन सेकंद असावेत. फुटाला एक. त्या तीन सेकंदांत तिला मापाचं काम दिसलं, पितळी कड्या दिसल्या, आणि पासष्टीच्या आसपासच्या एका माणसाच्या, दाराशी काढून ठेवलेल्या चपला दिसल्या.

"उलटे मी घालायले लावले," ती म्हणाली. दुकानात ती नेहमी पुस्तकी मराठी बोले. आता ते राहिलं नव्हतं. "काकाजी नाही म्हणत होते. माह्या कागदावर तसंच होतं."

"काहून पण?" बाबाराव म्हणाले.

"तीन फूट वाचवाले."

बाबारावांनी चोवीस फूट रुंद आणि चव्वेचाळीस फूट लांब सभागृहावरून नजर फिरवली. "तीन फूट," ते म्हणाले. मग त्यांनी गोपाळरावांच्या कोपराला धरलं आणि दाराकडे नेता नेता सोमवारचा शब्द दिला. दारातून मागे वळून प्रेमिलाला म्हणाले, "सोमवारी अकरा वाजता हे एका रंगाचं दिसलं पाहिजे. नाहीतर मंगळवारी कड्यांवर बस. टेप काउंटरवर ठेवून दे."

दुसरं कार्पेट मागवायला वेळ नव्हता. ते जिथून आलं होतं तिथून यायला पंधरा दिवस लागत. प्रेमिला भिंतीला टेकून खाली बसली. बळीराम हातोडी पुसत होता.

"बाई, एक उपाय आहे," तो म्हणाला. "चेअरमनले गोल गोल फिरवत ठेवा. थांबूच देऊ नका."

"बळीराम, गप रायतं का गा," जागेश्वर म्हणाला.

"काकाजी," प्रेमिला म्हणाली, "तुम्ही जोरानं काहून नाही सांगितलं?"

"सांगतलं की. तुमी हसल्या."

जागेश्वर तिच्याजवळ उकिडवा बसला आणि त्यानं तिचा हात, शाळेतल्या मुलाचा धरावा तसा मनगटाला धरून, कार्पेटवर ठेवला. सांध्याच्या अलीकडे फिरवला: मऊ, मांजरीच्या पाठीसारखं. पलीकडे फिरवला: खरखरीत. एका तळहाताचं काम. त्याला ना आलेख-कागद लागत होता ना ऊन.

"उगवतीचं काय ते आमचं आहे," तो म्हणाला. "मावळतीले ठेवलं तरी चालते. पण सगळ्याइचं एकाकडं पायजे. कापल्यावर तोंड कोणतं ते ध्यानात राहत नाही, म्हणून कुंकू."

म्हणजे ती खूण होती. प्रेमिलानं दोन दिवस खुणेकडे पाहिलं होतं आणि तिला पूजा दिसली होती. प्रयोगशाळेत कोणी अवजारावर लाल ठिपका दिला असता तर तिनं पहिला प्रश्न विचारला असता, हा कशाचा? इथे उदबत्तीचा वास आला आणि तिचं डोकं बंद झालं.

"फिरवून सरळ घालू," जागेश्वर म्हणाला. "पण मंग तिरपं टोक सरळ भिंतीकडं येते. तिथं फट पडंल."

तिनं त्याच्या खिशातून आपला कागद मागून घेतला. फट त्रिकोणी: सहा फूट लांब, जाड बाजूला दीड फूट. आणि तिरप्या भिंतीकडे पट्ट्याचं सरळ टोक बाहेर येईल, ते कापावं लागेल. कापलेला तुकडाही सहा फूट लांब, दीड फूट जाड. क्षेत्रफळ कुठे जाणार? तेवढंच होतं. तिनं कागदाचा त्रिकोण फाडून फटीवर ठेवला. बसला, पण फिरवून.

"तुकडा बसतो," ती म्हणाली. "पण उलटा बसतो. दोन पट्ट्यांचे दोन तुकडे. दोन्ही फिके दिसतील."

"कुठं येतात?"

"सरळ भिंतीला. पूर्वेला."

"तिथं मंच येणार आहे," जागेश्वर म्हणाला आणि उठला. "बळीराम, खिळे काढ."

संध्याकाळी आनंदराव अंगणात रेडिओ ऐकत बसले होते. प्रेमिलानं सगळं सांगितलं, कुंकवासकट. त्यांनी रेडिओ बारीक केला.

"तू हात फिरवून पाहिला होता काय?"

"नाही, बाबा."

"मंग? त्यानं सांगितलं म्हणून मानायचं नाही, बरोबर आहे. पण त्यानं सांगितलं म्हणून हसायचं, हे कोणत्या पुस्तकात आहे? तुही पण ती अंधश्रद्धाच झाली वं. बिनाउदबत्तीची." मग म्हणाले, "मी पण हसलो होतो म्हणा." आणि रेडिओ मोठा केला.

रविवारी सकाळी आठपासून तिघं शिवायला बसली. म्हणजे दोघं शिवत होते आणि प्रेमिला दोरा मेणावरून ओढून देत होती. तास दोन तास तसे गेल्यावर तिनं सुई मागितली. पहिल्या फूटभर शिवणीकडे जागेश्वरनं शांतपणे पाहिलं, मग तितक्याच शांतपणे उसवली.

"टाके सारखे आहेत, काकाजी. पाव इंचावर एक. मी मोजले."

"सारखे आहेत जी. पण दोरा ओढला जाऊन राहिला. चालणाऱ्याच्या पायाले गाठ लागंल." मग त्याला तिची दया आली असावी. "तुमी ते दोन तुकडे शिवा. मंचाखाली जाते. कोणाले दिसत नाही."

"चेअरमनले बी नाही," बळीराम म्हणाला. "झुरळाले दिसंल फक्त."

प्रेमिलानं ते दोन त्रिकोण दिवसभर शिवले. ऊन खिडकीतून जायच्या आत चारही पट्टे एका अंगावर निजले होते, पश्चिमेकडून पाहा की पूर्वेकडून, एकच बाटलीहिरवा. सुताराच्या माणसांनी लाकडी मंच आणून सरळ भिंतीला लावला. एक त्रिकोण पुरता झाकला गेला. दुसरा कोपऱ्यातला; मंच वीस फुटांचा आणि भिंत चोवीस, त्यामुळे त्याचं जाड टोक उजवीकडे दोन फूट बाहेर राहिलं. फिकं, आणि त्याला प्रेमिलाची शिवण. जागेश्वरनं जिन्यावरची शोभेची कुंडी उचलून त्यावर ठेवली.

सोमवारी साडेदहाला प्रेमिला सभागृहात आली तेव्हा खुर्च्या भरत होत्या आणि कुंडी जागेवर नव्हती. शिपायानं ती परत जिन्यावर नेली होती. जिन्यावर एका बाजूला चार आणि एका बाजूला तीन दिसतात, ते बरं दिसत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. त्याच्याशी वाद घालता आला नाही, कारण चेअरमन जिन्यावर होते.

प्रेमिला कोपऱ्यात गेली आणि त्या त्रिकोणावर उभी राहिली.

दीड फुटात दोन पावलं मावतात, पण हलवता येत नाहीत. साडीचा घोळ तिनं जरा खाली सोडला, त्यानं उरलेली कड झाकली. दीपप्रज्वलन झालं. स्वागतगीत झालं. गोपाळरावांचं प्रास्ताविक झालं, ते लांबलं. पहिल्या रांगेतून बाबाराव तिला डोळ्यांनी "तिथून हल" असं सांगत होते आणि ती डोळ्यांनी खाली पाहायला सांगत होती. शेवटच्या रांगेमागे दाराशी जागेश्वर आणि बळीराम उभे होते. बळीरामनं तोंडावर उपरणं धरलं होतं आणि त्याचे खांदे हलत होते.

चेअरमन बोलायला उठले. वाटेत त्यांना मंचाशेजारी ताठ उभी असलेली, जागची न हलणारी, गंभीर चेहऱ्याची बाई दिसली. बँकेची कोणी मोठी अधिकारी असावी असं समजून त्यांनी नमस्कार केला. तिनंही केला. वर्तमानपत्राच्या माणसानं नेमका तेव्हा फोटो काढला.

भाषणात चेअरमननी इमारतीच्या प्रकाशयोजनेची तारीफ केली. कार्पेटचं नावही काढलं नाही. प्रेमिलाला आयुष्यात कोणत्याही स्तुतीनं एवढा आनंद झाला नव्हता.

मंगळवारी ती दुकानात गेली आणि सांगितल्याप्रमाणे टेप काउंटरवर ठेवून कड्यांच्या डब्याशी उभी राहिली. काय ठरलंय हे कोणी सांगितलं नव्हतं. बाबाराव आले. त्यांच्या हातात वर्तमानपत्र होतं. त्यांनी ते तिच्यासमोर पसरलं. फोटोत चेअरमन, आणि त्यांच्यासमोर हात जोडून ती. खाली चेअरमनचं नाव होतं. तिचं नव्हतं.

"मी तुले हल म्हणून राहिलो होतो अन् तू खांबासारखी," ते म्हणाले. "घरी गेल्यावर मले समजलं. गोपाळरावाले आजून समजलं नाही. ते म्हणते, तुमच्या दुकानाची बाई फार शिस्तीची आहे."

बाबारावांनी टेप उचलला, तिच्याकडे सरकवला आणि त्यावर एक चिठ्ठी ठेवली. सदरमधल्या एका नव्या हॉटेलचा पत्ता होता.

"आतली बैठक आहे. गोल. जागेश्वरले घेऊन जा." ते आपल्या गादीकडे वळले, मग थांबले. "अन् एक कर. काही वाचवू नको."

त्या हॉटेलात जागेश्वरनं गुंडाळी सोडण्याआधी चपला काढल्या आणि उदबत्ती लावली. प्रेमिलानं हात जोडले नाहीत. ते तिच्या घरात नव्हतं आणि जागेश्वरनंही तशी अपेक्षा धरली नव्हती. पण ती खिडकीकडे पाहत उभी राहिली नाही. चप्पल काढून खाली बसली आणि तळहात आधी इकडून, मग तिकडून फिरवला. मग परत एकदा, खात्रीसाठी.

"तोंड इकडं," ती म्हणाली.

जागेश्वरनं आपला हात फिरवून पाहिला. "हो जी," तो म्हणाला आणि कुंकवाची पुडी उघडली.